कायद्याची वार्ता उंबरठ्यापर्यंत

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख लिहावा अशी आम्हांस आज्ञा केली. ज्ञातीच्या पूर्वपीठिकेवर व संस्थापकांच्या चरित्रांवर या पृष्ठांतून अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे. त्यांत भर घालण्याची आमची पात्रता नाही. आम्ही सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. विद्या जुन्या अकरावीपर्यंतची, म्हणजे मॅट्रिक. परंतु एक प्रश्न गेली पन्नास वर्षे आमच्या मनात घर करून आहे व त्याचा थोडाबहुत इतिहास आम्ही जमेल तसा वाचला आहे. तोच येथे सांगतो.

प्रश्न साधा आहे. ज्यास आपण मत देऊन विधिमंडळात पाठवितो, त्याने तेथे बसून कोणते कायदे केले, त्यांचा आपल्या शेतावर, मजुरीवर, मुलांच्या शाळेवर काय परिणाम होणार, हे त्याने आपणांस कळवावयाचे असते की नाही? आणि कळवावयाचे तर केव्हा? पाच वर्षांनी पुन्हा मत मागावयास येईल तेव्हा, की सभागृह चालू असताना आठवड्याच्या आठवड्यास? कायदा करणे हे प्रतिनिधीचे काम, हे सर्वांस मान्य आहे. केलेल्या कायद्याची वार्ता उंबरठ्यापर्यंत पोहोचविणे हेही त्याचेच काम, हे मात्र फार थोड्यांस सुचले. ज्यांस सुचले त्यांची आठवण येथे करावयाची आहे. या प्रश्नाशी आमच्या घराचाही संबंध आहे. तो यथाक्रम येईल.

या कामी सर्वांत जुना व ठळक दाखला आमच्या वाचनात आला तो इंग्लंडातला. अँड्र्यू मार्वेल हे नाव इंग्रजी काव्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. परंतु त्याच्या हयातीत त्याच्या गावचे लोक त्यास कवी म्हणून क्वचितच ओळखीत असतील. १६५९ पासून १६७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो हल या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या शहराचा पार्लमेंटातील प्रतिनिधी होता. सभागृह चालू असले की टपाल निघण्याच्या दिवशी तो हलच्या नगराध्यक्षास व नगरसभेस पत्र लिही. आज कोणते विधेयक वाचले गेले, कोणते समितीकडे गेले, कोणता कर किती बसणार, व्यापारावर काय निर्बंध येणार, असा सर्व कोरडा तपशील त्यात असे. अशी सुमारे तीनशे पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत अलंकार नाहीत, आत्मस्तुती तर नाहीच. दिवसभर सभागृहात बसून थकलेला मनुष्य रात्री दिव्यापाशी बसून आपल्या धन्यास हिशेब लिहीत आहे, असाच भास ती वाचताना होतो.

आणि तो खरोखरच चाकरीचा हिशेब होता. हलचे नागरिक त्यास सभागृहाच्या प्रत्येक दिवसामागे सहा शिलिंग आठ पेन्स मेहनताना देत, व मधून मधून गावची बीरही भेट म्हणून पाठवीत, तिचे आभार त्याने पत्रांत मानले आहेत. ज्याने पगार द्यावा त्यास कामाचा वृत्तान्त मिळावा, इतका सरळ व्यवहार. शिवाय त्या काळी पार्लमेंटातील भाषणे छापणे हा सभागृहाचा हक्कभंग समजला जाई. १७७१ मध्ये लंडनच्या मुद्रकांशी झालेल्या झगड्यानंतरच ती बंदी व्यवहारात ढिली पडली. म्हणजे मार्वेलचे पत्र आले नाही तर हलच्या लोकांस खात्रीची वार्ता कळण्यास दुसरा मार्ग फारसा नव्हता. पत्रांतील मजकूर बाहेर फुटू नये अशी विनंतीही त्यास करावी लागे. आज सर्व काही छापले जाते, आणि तरीही गावास कळत नाही, ही गोष्ट निराळी.

आता आपल्याकडे येऊ. मुंबई इलाख्याची कायदेकारी सभा १८६१ च्या कायद्याने अस्तित्वात आली व १८६२ मध्ये तिचे काम सुरू झाले. नाना शंकरशेट यांच्यासारखे थोर पुरुष तिच्यात बसले, परंतु ते सरकारनियुक्त. त्यांस कोणी निवडून दिलेले नव्हते, म्हणून हिशेब मागणाराही कोणी नव्हता. १८९२ च्या कायद्याने अप्रत्यक्ष निवडणुकीचा किंचित शिरकाव झाला व सभासदांस प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. या नव्या व्यवस्थेत १८९५ मध्ये लोकमान्य टिळक मध्य भागातील स्थानिक बोर्डांच्या वतीने सभेवर गेले.

येथे एक योग जुळून आला, तो वाचकांनी ध्यानात घ्यावा. टिळक सभासद होते, आणि दर मंगळवारी निघणाऱ्या 'केसरी'चे संपादकही तेच होते. सभेत बसणारा आणि आठवड्यास लोकांशी बोलणारा असा एकच मनुष्य महाराष्ट्रास लाभला. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, पाऊस गेला व दुष्काळ पडला. दुष्काळात सरकारने काय करावे यासाठी सरकारचीच एक संहिता होती. पिके बुडाली असता सारा तहकूब करण्याची वा सूट देण्याची, लोकांस कामे काढून देण्याची तरतूद तिच्यात होती. पण ती इंग्रजीत, आणि कचेरीच्या कपाटात. शेतकऱ्यास एवढेच ठाऊक की सारा भरला नाही तर जप्ती येते. टिळकांनी त्या संहितेचे मराठी करवून तिच्या प्रती वाटविल्या, 'केसरी'तून तिचा अर्थ पुनःपुन्हा सांगितला, आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेडोपाडी जाऊन तो समजावून देऊ लागले. त्यांनी नवा कायदा केला नाही, मोडा असेही सांगितले नाही. सरकारने जे कबूल केले आहे ते मागा, एवढेच सांगितले. सरकारास तेवढेही रुचले नाही. कार्यकर्त्यांवर खटले झाले, १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेण्यात आली, आणि त्याच वर्षी टिळक राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात गेले. हा आरोप 'केसरी'तील निराळ्या लेखनावरून होता हे खरे. तरी दुष्काळाच्या चळवळीने सरकारच्या मनात जो राग साठला होता, तो यास अगदीच कारण झाला नसेल असे आम्हांस वाटत नाही.

१९१९ च्या सुधारणांनी मुंबईची सभा मोठी झाली व प्रत्यक्ष मतदान आले, जरी मतदानाचा हक्क सारा भरणाऱ्या व मिळकतदार अशा थोड्यांपुरताच होता. या सभेत ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला एक ठराव संमत झाला. बोले हे कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी एक, शांत वृत्तीचे समाजसुधारक. सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या व चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले असावेत, असा त्या ठरावाचा आशय. सप्टेंबर महिन्यात सरकारने आपल्या खात्यांस त्याप्रमाणे आज्ञा काढली. कागदावर सर्व यथास्थित झाले.

त्यानंतर काय झाले? ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपले तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. तीन वर्षे गेली. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून त्या वर्गातील एकही मनुष्य पाणी घेऊ शकला नाही. बोले यांच्याही ते लक्षात आले असले पाहिजे, कारण १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला, की पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान रोखावे. ठराव केला की काम संपले असे मानणारे सभासद त्या काळी पुष्कळ होते, पुढेही झाले. तीन वर्षांनी मागे वळून आपल्या ठरावाचे काय झाले हे पाहणारे बोले आम्हांस म्हणूनच आदरणीय वाटतात.

मार्च १९२७ मध्ये महाड येथे कुलाबा जिल्हा परिषद भरली आणि २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग तो सारा समुदाय चवदार तळ्यावर गेला व पाणी प्याला. हा प्रसंग आपल्या मुलांस पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने तो पुन्हा एकदा पाहावा. मुंबईच्या सभागृहात संमत झालेल्या कागदास तीन वर्षे सात महिन्यांनी हजारो माणसांनी आपल्या पायांनी चालून जाऊन अर्थ दिला. त्यासाठी आधी तो कागद आहे हे त्यांस कोणी तरी सांगावे लागले होते. बाबासाहेब त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सभेचे नियुक्त सभासद झाले होते, आणि महाडनंतर पंधरा दिवसांच्या आत, ३ एप्रिल १९२७ रोजी, त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक काढले. सभासद आणि संपादक पुन्हा एकत्र आले. पुढे महाड नगरपालिकेने आपला ठराव परत घेतला, तोही नेमका ४ ऑगस्टलाच, १९२७ साली. बोले यांच्या ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. तळ्याचा दावा न्यायालयात गेला व उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला, तेव्हा कोठे हक्क पक्का झाला. सभागृहातून तळ्यापर्यंत यावयास वार्तेस चौदा वर्षे लागली असे म्हटले तरी चालेल.

१९३० मध्ये निघालेले 'जनता' पत्र पुढे साप्ताहिक झाले. १९३७ मध्ये बाबासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि १७ सप्टेंबर रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती म्हणजे काय हे आपल्या कोकणातील ज्ञातिबंधूंस समजावून सांगणे नको. ज्यांच्या आजा-पणजांनी खोताच्या खळ्यावर भात मोजून दिले त्यांस ते रक्तातच ठाऊक आहे. हे विधेयक संमत झाले नाही. परंतु ज्यांच्यासाठी ते मांडले त्यांस ते कळले होते, याचा पुरावा १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईने पाहिला. त्या दिवशी ठाणे, कुलाबा, रत्नागिरीकडील हजारो शेतकरी मुंबईत उतरून विधानसभेवर चालून गेले. ज्या गावांत बहुतेकांस अक्षरओळख नव्हती तेथे विधेयकाची बातमी पोहोचली, ती एकाने वाचावी व दहांनी ऐकावी या रीतीने. अशा रीतीने पोहोचलेली वार्ता टिकते. खोती नष्ट करणारा कायदा पुढे १९४९ मध्ये झाला.

कुळांच्या बाबतीतही एक एक पाऊल पडत होते. अलिबाग तालुक्यातील चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप १९३३ मध्ये सुरू झाला तो सहा वर्षे चालला. १९३९ मध्ये पहिला कूळ कायदा आला, १९४८ मध्ये दुसरा व अधिक व्यापक; आणि त्या दुसऱ्या कायद्यास १९५६ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्याने कसेल त्याची जमीन हे तत्त्व प्रथमच पुरते कायद्यात उतरले. दुरुस्तीने दिवस ठरविला १ एप्रिल १९५७. त्या दिवशी, कायद्यातील अटींस अधीन राहून, कसणाऱ्या कुळाने आपली जमीन मालकाकडून खरेदी केली असे मानले जाणार होते. सरकारी भाषेत त्यास कृषक दिन म्हणत.

येथून आमच्या घराची कथा सुरू होते.

आमचा गाव त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा. आजोबा तीस गुंठे भातशेती अर्धेलीने करीत. त्यांच्या वडिलांनीही तीच केली होती. १ एप्रिल १९५७ हा दिवस आमच्या गावास चांगला आठवत असे, पण भलत्याच कारणासाठी. त्याच दिवशी देशात नवे दशमान नाणे सुरू झाले. आण्याचे सहा नये पैसे की सात, यावरून दुकानात वाद झाले. मास्तरांनी शाळेच्या फळ्यावर आणे व नये पैसे यांचे कोष्टक लिहून मोठ्या माणसांस बोलावून समजावले. चार आण्यांचे पंचवीस होतात हे कळल्यावर सर्वांस धीर आला. वडील माणसे ही हकीकत आम्हांस हसत हसत सांगत. नया पैसा एका दिवसात घरोघर पोहोचला. आपण त्या दिवसापासून जमिनीचे मालक ठरलो आहोत, हे मात्र आजोबांस कोणी सांगितले नाही.

कोणी म्हणेल, तेव्हा लोकप्रतिनिधी नव्हते काय? होते. नुकतीच निवडणूक झाली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने सारे कोकण पेटले होते, आमच्यासारख्या आडगावीही सभा होत, पोवाडे होत, रात्री मशाली निघत. त्या लढ्याविषयी आमच्या मनात आदरच आहे, आणि मराठी राज्य झाले नसते तर आम्ही मराठीतून शिकवून पोट भरले असते की नाही, शंकाच आहे. परंतु त्या सभांत आजोबा पुढे बसून ऐकत असत, हे आमचे वडील सांगत. इतक्या सभांतून एका वक्त्याने पाच मिनिटे खर्च करून सांगितले असते, की कुळांनो, तुम्हांस नोटीस येईल, तारखेस कचेरीत हजर राहा आणि जमीन घेतो म्हणून सांगा, तर? कायद्याचा मूळ मजकूर इंग्रजी. मराठी राज्यकारभाराची भाषा करणारा कायदा १९६४ चा. वृत्तपत्रांत बातमी आली नव्हती असे नाही. परंतु वृत्तपत्र गावात येत नसे.

कायद्याची रीत अशी होती. शेतजमीन न्यायाधिकरणाने गावात जाहीर नोटीस द्यावी, प्रत्येक कुळास स्वतंत्र नोटीस द्यावी, आणि कुळास विचारावे की जमीन विकत घेण्यास राजी आहेस काय. राजी असेल तर किंमत ठरे. ती आकाराच्या वीसपटीपासून दोनशेपटीपर्यंत, आणि हप्त्यांनी भरण्याची सवलत. कूळ नको म्हणाले, किंवा तारखेस आलेच नाही, तर ते राजी नाही असे धरून खरेदी निष्फळ ठरवावी. गावच्या बोलीत यास बत्तीस ग म्हणतात व आजही म्हणतात. आजोबांच्या तुकड्याचा आकार दोन रुपये नऊ आणे होता. वीसपटीने एक्कावन्न रुपये चार आणे होतात. दोनशेपटीने धरले तरी पाचशे साडेबारा. तेही हप्त्यांनी.

नोटीस आली ती १९५९ च्या आषाढात. कोतवालाने अंगठा घेऊन कागद दिला. मालकांच्या कारभाऱ्यास आजोबांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आबा, तो सरकारी रिवाज आहे. लावणी टाकून कचेरीत काय करणार? पैसे भरा म्हणतील, आणाल कोठून?" हा मनुष्य लबाड होता की त्यासही पुरते ठाऊक नव्हते, याचा निर्णय आम्ही आजवर करू शकलो नाही. चिखलणी झालेली, तरवा काढून ठेवलेला, आणि तालुक्यास जावयाचे तर येण्याजाण्याचे दोन दिवस. आजोबा गेले नाहीत. श्रावणात दुसरा कागद आला. तो त्यांनी ट्रंकेत ठेवला. दोन वर्षांत जमीन कायद्याने मालकाकडे परत गेली, आणि त्याच शेतात आजोबा रोजाने लावणीस जाऊ लागले.

त्या श्रावणात आणखी एक गोष्ट घडली होती. आमचे धाकटे काका परळला गिरणीत होते. चाळीत एक जण संध्याकाळी मोठ्याने वर्तमानपत्र वाची, त्यातून त्यांस कूळ कायद्याचे कळले. त्यांनी लगोलग पोस्टकार्ड टाकले: कुळास जमीन मिळते आहे, तारीख येईल तेव्हा जरूर जाणे, नको म्हणू नये. पोस्टमनने ते पडवीत वाचून दाखविले. आजोबा म्हणाले, "तारीख तर गेली." आणि विषय संपला. घरात पुढे कोणी त्याबद्दल बोलले नाही.

आमचा जन्म १९५७ चा. १९७४ मध्ये मॅट्रिक झालो तेव्हा घरात कागद वाचू शकणारे आम्ही पहिलेच. ट्रंक उघडून तो आदेश वाचला, पण उमगले थोडे. पुढे घाटावरील एका जिल्ह्यात शाळेत नोकरी लागली. तो भाग अवर्षणाचा. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. आमच्या गावच्या मजुरांस एवढेच ठाऊक की काम निघाले तर जावे. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळाले नाही तर भत्ता देणे सरकारवर बंधनकारक आहे, हे आम्ही कायद्यात वाचले आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाहेरच्या फळ्यावर लिहिले. मागणीची पोच घ्यावी, तारीख जपून ठेवावी, हेही लिहिले. मग दर शनिवारी काही ना काही लिहिण्याची सवयच लागली. अधिवेशन चालू असले की वर्तमानपत्रातून निवडून लिहीत असू. समजले नाही ते तालुक्याच्या वाचनालयात जाऊन पाहत असू. बाजारास जाणारे लोक थांबून वाचत, न येणारे वाचून घेत. एका अधिकाऱ्याने एकदा विचारले, "गुरुजी, हे तुमचे काम आहे का?" आम्ही म्हणालो, "नाही साहेब. ज्यांचे आहे ते करतील त्या दिवशी बंद करू." फळा आमच्या बदलीपर्यंत चालला.

आज महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ व परिषदेत ७८ सभासद आहेत. वर्षातून मुख्य अशी तीन अधिवेशने भरतात, त्यांतील हिवाळी अधिवेशन रीतीप्रमाणे नागपुरास. कामकाजाचा शब्दन् शब्द टिपला जातो. आमच्या नातवाच्या खिशातील यंत्रावर प्रतिनिधींचे संदेश रोज येतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा, सणाच्या शुभेच्छा, रस्त्याचे नारळ, कोणाच्या तरी दुःखात सहभागी. त्यांत यंदा संमत झालेल्या एखाद्या अधिनियमाचे नाव आम्ही शोधीत असतो. अजून एकदाही सापडले नाही. सन्माननीय अपवाद असतील, व ते आमच्या दृष्टीस पडले नसतील. ज्ञातीच्या प्रत्येक मेळाव्यास कोणी ना कोणी आमदार प्रमुख पाहुणे म्हणून येतात. त्यांस हार घालण्यापूर्वी, या अधिवेशनात आपण कोणकोणते कायदे केलेत ते कृपा करून सांगा, असे आपल्या चिटणिसांनी एकदा विचारून पाहावे, असे आम्ही सुचवितो. पाहुणे रागावणार नाहीत. कदाचित तयारी करून येऊ लागतील.

वाचनालयाचा उल्लेख वर आला. तेथेच १९८१ मध्ये कूळ कायद्याचे मराठी पुस्तक आमच्या हाती लागले, आणि बत्तीस ग चे कलम आम्ही प्रथमच पुरते वाचले. त्यात एक परंतुक आहे. कुळाच्या गैरहजेरीत आदेश झाला असेल, तर तो कुळास कळवावा. आणि कळल्यापासून साठ दिवसांच्या आत अर्ज केल्यास न्यायाधिकरण तो पुन्हा विचारात घेऊ शकते.

त्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा ट्रंक पुन्हा उघडली. आदेशाच्या मागे तो पोहोचल्याची तारीख होती. काकांचे पोस्टकार्डही त्याच पुरचुंडीत होते, त्यावर आमच्या गावच्या टपालाचा शिक्का. दोहोंमध्ये तेवीस दिवसांचे अंतर होते. पोस्टमन पडवीत उभा राहून कार्ड वाचीत होता, त्या घटकेस सदतीस दिवस शिल्लक होते.

आजोबा तेव्हा हयात होते, पंच्याऐंशीच्या घरात. ओटीवर सुपारी कातरीत बसले होते. त्यांस आम्ही सांगितले नाही. मुंबईस परतल्यावर काकांस मात्र सांगितले. ते पुष्कळ वेळ पोस्टकार्डाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पेपरात ते साठ दिवसांचे नव्हते रे, बाळ. असते तर मी लिहिले असते."